बोटाखालून निसटतो तो सहावा

मैत्रिणीच्या पाठीवर काजळ पेन्सिलीने काढलेले सतरा ठिपके मला अजून आठवतात. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रॅक्टिकल हॉलमध्ये सहा प्लिंथ, म्हणजे तपासायची उंच बाकडी, प्रत्येक प्लिंथवर एकजण पालथी झोपलेली आणि बाकीच्यांनी तिचे मणके मोजत मानेपासून कंबरेपर्यंत यायचं. मानेचा सातवा, पाठीचे बारा, कंबरेचे पाच. ठिपके अठरा यायला हवेत. माझे सतरा आले. पुसून पुन्हा मोजले तर एकोणीस. सांगाड्यावर मला डोळे मिटून प्रत्येक हाडाचं नाव सांगता येत होतं. पण सांगाड्याला कातडी नसते, चरबी नसते, आणि तो श्वासही घेत नाही.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. ठिपके मोजायच्या आधी त्यांनी माझं बोट बघितलं. "नख बघ तुझं, पांढरंफटक पडलंय. एवढं दाबल्यावर बोटाला काय कळणार?" त्यांनी माझा हात धरला, बोटावरचा जोर निम्म्याने कमी केला आणि तसाच हळूहळू खाली सरकवला. नख गुलाबी राहिलं पाहिजे, एवढंच त्या सांगत होत्या. मग दोन उंचवट्यांमधला खळगा कळायला लागला. चुकत होतं ते पाठीच्या मधोमध. तिथल्या मणक्यांची टोकं घरावरच्या कौलांसारखी एकावर एक उतरती असतात. जोरात दाबत गेलं की दोन कौलं एकच वाटतात, नाहीतर एकाचीच दोन.

मोजायला सुरुवात कुठून करायची, हे त्याच दिवशी शिकले. मान खाली घालायला सांगायची. मानेच्या मुळाशी दोन ठळक उंचवटे येतात, दोन्हींवर एकेक बोट ठेवायचं. मग सावकाश मान मागे न्यायला सांगायचं. वरच्या बोटाखालचा मणका पुढे सरकून निसटतो, खालच्या बोटाखालचा तिथेच राहतो. निसटतो तो सहावा, राहतो तो सातवा. पहिल्यांदा बोटाखालून तो मणका आत गेला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आतून काहीतरी उत्तर आल्यासारखं वाटलं. आज इतक्या वर्षांनीही रोज किमान चार-पाच मानांवर हेच करते आणि तो निसटला की बरं वाटतं.

खालून मोजायचं तर कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या कडांवर तळहात टेकवायचे आणि दोन्ही अंगठे मधोमध आणायचे. साधारण चौथा मणका सापडतो. साधारणच. कुणाचा अर्धा मणका वर, कुणाचा खाली. आमच्याकडच्या बायकांच्या कंबरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ असतो, आम्ही पोरी त्यालाच खूण धरायला लागलो होतो. मॅडमनी ते लगेच बंद केलं. "नाडी कुठं बांधायची ते बाई ठरवते, हाड ठरवत नाही. हाड शोध."

त्याच आठवड्यात त्यांनी आम्हा प्रत्येकीला प्लिंथवर झोपवलं, पेशंट म्हणून. वर्गात मुलंही होती, म्हणून मुलींची बाजू पडदा ओढून वेगळी केली होती. तरीही पाठ उघडी करून पालथं पडल्यावर मला घाम फुटला. मागे कोण उभं आहे, दिसत नाही. थंडगार हात अचानक कंबरेवर पडतो. एकीने काही न बोलता माझा पाय उचलला, तर सगळा पाय आखडला. "आता सांग, हा पाय आखडला तो आजाराने का भीतीने?" मॅडमनी तिला विचारलं. तेव्हापासून मी आधी सांगते, मग हात लावते. पेशंटला पांघरायला चादर देते, बघायचा तेवढाच भाग उघडा ठेवते. हिवाळ्यात हात एकमेकांवर चोळून गरम करते. आणि कायम चांगल्या बाजूने सुरुवात करते. दुखऱ्या पायाला आधी हात लावला की माणूस सावध होतो, मग चांगलाही पाय नीट सापडत नाही.

आधी बघा, मग हात लावा, मग हलवा. ॲलन ॲपली या इंग्लंडमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी घालून दिलेला हा क्रम जगभर शिकवतात. आम्ही तो पाठ केला होता, पण हाताला घाई. पेशंट आत आला की आम्ही दुखतंय तिथे दाबायला धावायचो. मॅडम ओपीडीत दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात काय दिसलं ते लिहायला लावायच्या. कुठला पाय अपुरा टेकतो, चप्पल कुठल्या बाजूने झिजली आहे, पिशवी कुठल्या हातात आहे, बसताना कशाचा आधार घेतो. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये माझ्या दोन वह्या यानेच भरल्या.

हातपाय शिकताना माझी अडचण वेगळीच निघाली. माझे हात लहान आहेत. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात गुडघा दुखावून येणारे निम्मे कबड्डीवाले, नाहीतर तालमीतले पैलवान. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटला आहे का, हे बघायला लॅचमन टेस्ट करतात. गुडघा वीस ते तीस अंश वाकवायचा, एका हाताने मांडी धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. पैलवानाची मांडी माझ्या एका हातात अर्धीसुद्धा मावेना. ओढलं तरी काही कळेना. मी वहीत "निगेटिव्ह" लिहून मोकळी झाले. मॅडमनी पुन्हा बोलावलं, स्वतःचा गुडघा प्लिंथवर ठेवला, त्या मुलाची मांडी त्यावर टेकवली आणि वरून तळहाताने दाबून धरली. आता मांडी हलणार नाही, एक हात नडगीला मोकळा. आधी चांगला गुडघा ओढायला लावला. थोडं पुढे येऊन टक्क थांबला, कासरा ताणला की बैल थांबतो तसा. मग दुखरा ओढला. तो थांबलाच नाही. शेवटी मऊ, गिळगिळीत काहीतरी लागलं, बस्स. याला आम्ही एन्ड फील म्हणतो. हालचाल संपते तिथे हाताला काय लागतं ते. मी आधी वहीत लिहिलेलं "निगेटिव्ह" खोडलं. लहान हातांच्या पोरींनो, स्वतःचा गुडघा वापरा. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हातोडीचंही तसंच. आम्ही सगळ्या खिळा ठोकल्यासारख्या हातोडी मारायचो. मनगट सैल सोडायचं असतं, हातोडी आपल्या वजनाने पडली पाहिजे. गुडघ्याचा जर्क, म्हणजे हातोडी बसताच आपोआप येणारा झटका, लवकर जमतो, घोट्याचा छळतो. पाय बाहेरच्या बाजूला पाडून गुडघा थोडा वाकवायचा, एका हाताने तळवा किंचित वर दाबून टाचेच्या वरची शीर ताणून धरायची आणि मारायचं. काही आलं नाही तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी मारायचं. झोपलेला जर्क जागा होतो. म्हाताऱ्या माणसांत दोन्ही घोट्यांचा जर्क नसतो, असंही होतं. म्हणून एकाच बाजूला गेला आहे का, ते महत्त्वाचं.

इंटर्नशिपमध्ये मार्केट यार्डातले एक हमाल मामा आले. हळदीची पोती पाठीवर घेणारे. "उसण भरली होती, पायाळू माणसाची लाथ मारून घेतली, तरी बी ऱ्हाईना. आता कळ पायात उतरलीया." मॅडम म्हणाल्या, तू बघ, मी इथेच आहे.

मी मामांना पाठीवर झोपवलं. गुडघा सरळ ठेवून डावा पाय हळूहळू उचलला. सत्तर अंशांपर्यंत आरामात गेला, पण ते कळवळले. कळ उजव्या पायात आली होती. मी चुकून दुसरा पाय उचलला की काय, असं मला क्षणभर वाटलं. मग उजवा उचलला. चाळीस अंशांवरच पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी चमक. चांगला पाय उचलून दुखऱ्यात कळ येणं ही दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याची मोठी खूण असते, हे पुस्तकात वाचलं होतं, पण माणसाच्या तोंडावर त्या दिवशी पाहिलं. (ही पाय उचलायची टेस्ट फ्रेंच डॉक्टर लासेग यांच्या नावाने ओळखतात. त्यांच्या विद्यार्थ्याने, फोर्स्टने, ती 1881 साली लिहून काढली. त्याच्या वर्षभर आधी लाझा लाझारेविच या सर्बियन डॉक्टरनेही ती मांडली होती. हे लाझारेविच त्यांच्या भाषेतले मोठे कथाकारही होते. ही जोडगोळी मला फार आवडते. पाय उचलताना माणसाचा चेहरा बघत राहायचं, हे कथाकाराला लवकर सुचलं असणार.)

मग अंगठा. "मामा, दोन्ही पायांचे अंगठे वर ओढा, मी खाली दाबते, जाऊ द्यायचे नाहीत." डावा दगडासारखा. उजवा थोडा वेळ टिकला आणि माझ्या एका बोटाच्या जोराने खाली गेला. शंभर किलोचा माणूस पाठीवर घेईल असा गडी, आणि पायाचा अंगठा माझ्या करंगळीला हरत होता. कापसाचा बोळा पावलाच्या वरच्या बाजूला फिरवला. डोळे मिटून सांगा, दोन्हीकडे सारखं लागतंय का? उजवीकडे "कापडावरनं लागल्यागत". चवड्यांवर उभे राहिले ते नीट, दोन्ही घोट्यांचे जर्क सारखे. म्हणजे कंबरेची पाचवी नस. मॅडमनी मान डोलावली आणि विचारलं, "अजून काय विचारायचं राहिलंय?"

राहिलं होतं, आणि काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला ते विचारायला जीभ उचलत नव्हती. शेवटी विचारलं. "मामा, लघवी झाल्याचं कळतं का? तुंबते का? बसतो त्या जागी, मांड्यांच्या मध्ये, बधिर वाटतं का?" त्यांनी अगदी सहज उत्तर दिलं, तसलं काही नाही म्हणाले. अवघडले होते ते मीच. ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी सर्जनकडे पाठवावं लागतं, उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. आता हा प्रश्न मी कंबर-पाय दुखणाऱ्या प्रत्येकाला विचारते, त्याच स्वरात, ज्या स्वरात नाव आणि वय विचारते.

मामांचा एमआरआय चार दिवसांनी आला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी, पाचव्या नसेवर. तो कागद हातात घेतल्यावरचा आनंद मला अजून आठवतो. त्या आनंदानेच पुढे माझा घात केला.

इंटर्नशिप संपली, मी एका दवाखान्यात नोकरीला लागले. तिथे पेशंट रिपोर्ट घेऊनच यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीतला एमआरआय आधी टेबलावर, मग माणूस खुर्चीवर. "मॅडम, मणक्यात गॅप पडलाय." रिपोर्टमध्ये दोन-तीन गाद्या फुगलेल्या हमखास असतात. 1994 साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या 52 टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली आणि 27 टक्क्यांची चक्क बाहेर डोकावणारी. न दुखणाऱ्यांची! हा आकडा मला परीक्षेसाठी पाठ होता. पण समोर छापील कागद, बाहेर दहा पेशंट, आणि कामाला मशीन तयार. हात मागे राहिले.

तासगावकडच्या एक मावशी आल्या. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या. वय अठ्ठावन्न. "पाय लटपटत्यात, कंबर धरती." कंबरेचा एमआरआय सोबत होता, दोन गाद्या फुगलेल्या. मी पाय उचलून पाहिले, दोन्ही छान गेले. हातोडी खिशात होती, काढली नाही. रिपोर्टशी सगळं जुळतंय असं वाटलं. शेक, मशीन, कंबरेचे व्यायाम सुरू केले. दोन आठवडे त्या रोज एसटीने यायच्या.

तेराव्या की चौदाव्या दिवशी शेक झाल्यावर त्या उठून बसल्या आणि ब्लाऊजचं खालचं हूक लावायला लागल्या. मी शेजारी नोंद करत होते. हूक लागेना. बोटं हुकाभोवती फिरत होती, जणू हातमोजे घातले आहेत. मी वही खाली ठेवली. "मावशी, हे कधीपासून?"

"संक्रांतीपास्नं. भाकरी बी थापाय येईना झालीया नीट. म्हटलं, वयानं असंल. कंबरंचं दुखणं, त्यात हाताचं काय सांगायचं?"

तेव्हा हातोडी काढली. गुडघ्याला नुसती टेकवली तर पाय उडाला. दुसराही. पाऊल झटक्यात वर दाबून धरलं, तर घोटा माझ्या हातात थडथडत राहिला, थांबेचना. तळव्याच्या बाहेरच्या कडेने हातोडीचं मागचं टोक टाचेपासून वर ओढलं. अंगठा सावकाश वर गेला. हाताचं मधलं बोट धरून त्याचं नख टिचकीने खाली सोडलं, तर त्यांचा अंगठा आत वळला. प्रत्येक खुणेबरोबर माझ्या पोटात खड्डा पडत होता.

हे जरा समजावून सांगते, कारण यातच सगळं आहे. मणक्यांच्या आतला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुबका उरतो. नस दबली की जर्क मंदावतो किंवा जातो. जर्क उसळत असेल, अंगठा वर जात असेल, तर दाब त्याच्या वर, मज्जारज्जूवर आहे. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या गादीने पाय असे उडूच शकत नाहीत. आणि हातसुद्धा अडखळत असतील तर तो दाब मानेत. मावशी दोन आठवडे माझ्यासमोर होत्या, मी त्यांच्या कंबरेला शेक देत होते आणि मान एकदाही पाहिली नव्हती. पाच मिनिटांचं काम होतं.

मी त्यांना त्याच वेळी सांगितलं, "मावशी, हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. माझी चूक झाली." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कुठं जायचं ते सांग, पोरी." त्या दिवशी त्यांची मूठ मोजली. दहा सेकंदांत जितक्या वेळा होईल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. वीस आणि त्यावर व्हायला हव्यात. मावशींच्या अकरा झाल्या.

मानेच्या एमआरआयमध्ये दोन ठिकाणी मज्जारज्जू चेपलेला दिसला. पंधरवड्यात ऑपरेशन झालं. असल्या आजारात ऑपरेशन करतात ते मुख्यतः आहे ते आणखी बिघडू नये म्हणून. किती परत येईल ते सांगता येत नाही आणि उशीर झाला तर कमीच येतं. म्हणून ते दोन आठवडे मला आजही बोचतात.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. रिपोर्टची पिशवी मी हातात घेते आणि न उघडता मागच्या टेबलावर ठेवते. पेशंटला सांगते, आधी तुम्हाला बघते, मग हे बघते. काहींना राग येतो, एवढे पैसे घातलेत आणि ही उघडून बघत नाही! कंबरेसाठी आलेल्याचीही मान, खुबे आणि पावलं बघते. मानेपासून माकडहाडापर्यंत दोन बोटं फिरवून येते आणि हलक्या मुठीने एकेक मणका ठोकते. असं करताना एकदा एका कॉलेजच्या मुलीच्या पाठीत एकच मणका गाठीसारखा वर आलेला लागला. रात्रीचं दुखणं, वजन उतरलेलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. इंग्रज सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. मात्र औषधाने बरा होतो. ती आता नोकरी करते.

हाताला सगळं कळतं, असंही मी म्हणणार नाही. कुठला मणका कमी हलतो, हे एकाच पाठीवर दोन अनुभवी हात सारखं सांगत नाहीत, हे अभ्यासांमध्ये वारंवार दिसलं आहे. त्यामुळे "तुमचा मणका सरकलाय, बसवून देतो" असं सांगून मान कडाकडा वळवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मावशींची मान कुणी तशी वळवली असती तर, या विचाराने अजून अंगावर शहारा येतो. ताकद, जर्क, संवेदना आणि दोन्ही बाजूंची तुलना, यावर मी भरवसा ठेवते. बोटांना लागलेलं बाकीचं वहीत पेन्सिलीने लिहिते.

आता माझ्याकडेही इंटर्न येतात. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, हात माझ्यासारखेच लहान. तिला पहिल्या दिवशी माझीच पाठ मोजायला दिली. पालथी पडले आणि तिच्या बोटांवरूनच कळलं, नख पांढरं पडलं असणार.

परवा मावशी तपासायला आल्या होत्या. ऑपरेशनला आता काही वर्षं झाली. चालताना भिंतीला हात लावावा लागत नाही, पण बागेत जाणं बंद झालं ते झालंच. मी घड्याळ लावलं, इंटर्नला मोजायला सांगितलं. मावशी ओठ दाबून मुठी उघडझाप करत होत्या, ती मुलगी हळू आवाजात आकडे म्हणत होती. दहा सेकंद झाले.

"सोळा," ती म्हणाली.

"परत लाव," मावशी म्हणाल्या.